विलायतचे टपाल आणि आपली रमाई

त्यागमूर्ती माता रमाईचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. गोवऱ्या थापणारी, अर्धपोटी राहणारी, लेकरे डोळ्यांदेखत गमावलेली माऊली. ७ फेब्रुवारीला जयंती आणि २७ मे रोजी स्मृतिदिन आला की वस्तीत गाणी लागतात, भाषणे होतात, बायामाणसे पदराने डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. रडण्यात वाईट काही नाही. परंतु जिच्यासाठी आपण रडतो तिला आपण ओळखतो का, हा प्रश्न आम्हाला पुष्कळ दिवसांपासून पडलेला आहे.

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असे मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले. आम्ही काही लेखक नव्हे. साच्यावर उभे राहून दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत जे वाचले तेवढीच आमची शाळा. तरी रमाईच्या जीवनातली एक गोष्ट सांगावी असे वाटले, जी गाण्यांत फारशी येत नाही. ती गोष्ट म्हणजे टपाल. परमुलखात असलेल्या नवऱ्याचे हाताने लिहिलेले पत्र जिच्या दारी आले, त्या बाईची ही हकिगत.

रमाईचा जन्म १८९८ सालचा. गाव वणंद, दापोलीजवळ. वडील भिकू धुत्रे हे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आई रुक्मिणी. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. रमा, तिची भावंडे आणि लहानगा भाऊ शंकर यांना नातेवाइकांनी मुंबईला आणले. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तिथे मुलीला शाळा कुठली? त्या काळी आपल्या मुलांनाच शाळेच्या दाराबाहेर बसवीत, मुलीचे नाव कोण काढतो?

१९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या मासळी बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री तिचे लग्न लागले. नवरी नऊ वर्षांची, नवरा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, सुभेदार रामजी आंबेडकरांचा भीमराव. मंडप नाही, वाजंत्री नाही. मासळीच्या ओट्यांच्या आडोशाला वऱ्हाडी बसले. ही हकिगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ध्यानात एवढेच घ्यायचे की या लग्नात एकीकडे रात्रंदिवस पुस्तकात डोके घातलेला मुलगा होता आणि दुसरीकडे अक्षराची ओळख नसलेली मुलगी होती. पुढचा सगळा संसार या दोघांना अक्षरांच्या आधारावर करायचा होता, हे त्या रात्री कोणाला ठाऊक होते?

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. घराचे छप्परच गेले म्हणायचे. आणि त्याच वर्षी, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, भीमराव अमेरिकेला निघाले. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. त्या वेळी रमाईचे वय पंधरा वर्षांचे. कडेवर सात महिन्यांचे मूल. सासरे नाहीत. नवरा अशा मुलखात, ज्याचे नावही तिने आधी ऐकलेले नसेल.

आता त्या काळचे टपाल कसे चाले ते सांगितले पाहिजे, म्हणजे आजच्या पोरांना कल्पना येईल. विमान नव्हते. विलायतचे टपाल आठवड्यातून एकदा आगबोटीने येई. लंडनहून निघालेले पत्र फ्रान्समधून रेल्वेने समुद्रकाठी यायचे, मग बोटीवर चढून सुएझ कालवा, एडन असे करीत दोन-अडीच आठवड्यांनी मुंबईला लागायचे. अमेरिकेचे पत्र आणखी एक महासागर ओलांडून यायचे, त्याला महिना लागला तरी नवल नव्हते. म्हणजे आज मूल आजारी पडले म्हणून कळवावे, तर तिकडे कळेपर्यंत मूल एक तर बरे झालेले किंवा हातचे गेलेले. उत्तर येईपर्यंत दुसराच महिना उजाडलेला. पत्रातली प्रत्येक बातमी शिळी, आणि तरीही तीच ताजी म्हणून छातीशी धरायची.

त्यातच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मनांच्या पाणबुड्या समुद्रात बोटी बुडवू लागल्या. बोट बुडाली की टपालही बुडाले. १९१६ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला गेले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठविली होती, ती बोट वाटेत पाणतीराने बुडाली. ज्या समुद्राने पुस्तके गिळली त्याच समुद्रावरून माणूस येणार होता. ऑगस्ट १९१७ मध्ये बाबासाहेब सुखरूप मुंबईच्या धक्क्यावर उतरले. चार वर्षे झाली होती. निघताना कडेवर असलेला यशवंत आता पाचव्या वर्षात होता.

त्या चार वर्षांत बाबासाहेब आपल्या शिष्यवृत्तीतून काटकसर करून घरी पैसे पाठवीत. तिकडे ते एकवेळ जेवून ग्रंथालयात बसत, इकडे रमाई एकवेळ जेवून घर चालवी. दोघांच्या मधे सात समुद्र, परंतु उपास एकच. हे आम्हाला फार मोठे वाटते.

आणखी एक गोष्ट. १९१३ च्या ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कला पोहोचून महिनाही झाला नव्हता, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकविले तर आपली प्रगती पुष्कळ वेगाने होईल, असा त्या पत्राचा भावार्थ होता. बावीस वर्षांचा तरुण परक्या मुलखात उतरतो, आणि त्याच्या मनात पहिल्यांदा काय येते? आपल्या मुली शिकल्या पाहिजेत. हा उपदेश त्यांनी जगाला केला आणि घरची गोष्ट बाजूला ठेवली, असे झाले नाही. ते पुढे दिसेल.

परत आल्यावर बडोद्याला नोकरीच्या ठिकाणी काय अपमान झाला ते आपण जाणतो. नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. पगार दरमहा ४५० रुपये. पुष्कळांना वाटले असेल की आता रमाईचे दिवस पालटले. परंतु अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास बाबासाहेबांना झोपू देत नव्हता. पगारातला मोठा भाग शिल्लक टाकायचा आणि उरलेल्यात रमाईने घर भागवायचे, असा परळच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांचा कारभार होता. घरात थोरले दीर आनंदराव यांच्या मागे जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांचाही भार होता. रमाईने आपले आणि जावेचे मूल असा भेद केला नाही.

शिल्लक टाकलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपये कर्ज, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. पुन्हा टपालाची वाट पाहणे आले. या वेळी पावणेतीन वर्षे.

या पावणेतीन वर्षांतले एक पत्र आपल्या सुदैवाने वाचायला मिळते. चरित्रग्रंथांतून ते छापले गेले आहे. तारीख २५ नोव्हेंबर १९२१, ठिकाण लंडन. रमाईला लिहिलेले आहे, आणि तिला त्यात रामू म्हटले आहे. जगाला ती पुढे रमाई झाली, माता झाली, त्यागमूर्ती झाली. त्या कागदावर ती फक्त रामू आहे.

ज्यांनी ते पत्र वाचले नसेल त्यांना आम्ही त्यातला मजकूर आमच्या भाषेत सांगतो. घरी मूल आजारी असल्याचे रमाईने कळविले होते, त्याचे दुःख वाटल्याचे बाबासाहेब लिहितात आणि तिला धीर देतात. तिचा अभ्यास चालू आहे हे वाचून समाधान वाटल्याचे सांगतात. पैशाची खटपट करीत आहे, परंतु आपणही इथे अन्नाला महाग झालो आहोत, असे उघड कबूल करतात. हातातले पैसे संपले तर दागिने विकून खा, परत आल्यावर ते पुन्हा करून देईन, असे सांगतात. यशवंत आणि मुकुंद यांच्या शिक्षणाचे काय चालले आहे हे कळविले नाही म्हणून विचारतात. पैसे मिळतील तेव्हा घरातल्या बायकांना एकेक लुगडे घ्या, असेही बजावतात. शंकरची खबर विचारतात. बस, एवढेच पत्र.

आता आपण या पत्राकडे नीट बघू. यात चंद्र नाही, चांदणे नाही. सिनेमात प्रियकर लिहितो तसले यात एक अक्षर नाही. तरीसुद्धा आम्ही म्हणतो की हे प्रेमाचे पत्र आहे, आणि पुरे प्रेमाचे आहे. का ते सांगतो.

पहिली गोष्ट, हा माणूस आपल्या बायकोपासून आपली उपासमार लपवीत नाही. त्या वर्षी जूनमध्ये लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. त्यांच्या हाती आली होती. आता ते रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते. हिंदुस्थान सरकारच्या रुपयाचा हिशेब मांडणाऱ्या या विद्वानाच्या खिशात स्वतःचा रुपया नव्हता, आणि हे त्यांनी सांगितले ते रामूला. पुरुषमाणूस बायकोपुढे आपली अडचण अशी मोकळी करतो तेव्हा तो तिला बरोबरीची मानतो.

दुसरी गोष्ट, दागिने. गरीब बाईचे दागिने ते किती असणार? परंतु जे काही असते ते तिचे एकटीचे असते. ते विकण्याची पाळी आली तर विकावेत आणि खावे, उपाशी राहू नये, हे नवऱ्याने लिहून कळविणे आणि त्याची भरपाई आपण करू असा शब्द देणे, यात तिच्या हक्काची जाण आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ती म्हणजे रमाईचा अभ्यास. या ओळीवरून आपण झटकन पुढे जातो. मूल आजारी, घरात पैसा नाही, समुद्रापलीकडे नवरा, आणि ही बाई अभ्यास करते आहे! लग्नात अक्षरशत्रू असलेली मुलगी आता पाटीवर अक्षरे गिरवते आहे, आणि लंडनच्या ग्रंथालयात दिवसदिवस बसणारा तिचा नवरा त्याची दखल आपल्या परीक्षेइतकीच घेतो आहे. तिथे तो अभ्यास करतो, इथे ती अभ्यास करते. या पत्रात दोन विद्यार्थी एकमेकांशी बोलत आहेत असे आम्हाला वाटते.

हे आम्हाला इतके का लागते, ते सांगायला थोडे घरचे सांगावे लागेल. वाचकांनी क्षमा करावी.

आमचे वडील मुंबईत गिरणीत आणि आई कोकणात गावी. गिरणगावातल्या पुष्कळांच्या घरी तेव्हा हीच रीत होती. वडिलांची महिन्याची मनिऑर्डर यायची. त्या फॉर्मच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहायला जागा असे, त्यात खुशाली. मधूनअधून इनलँड पत्र. वडिलांना लिहिता येत होते, आईला वाचता येत नव्हते. म्हणून वडिलांचे पत्र आम्ही वाचून दाखवायचो. आम्ही तेव्हा पाचवी-सहावीत. आई चुलीपुढे बसून ऐकायची. सगळे पत्र संपले की विचारायची, आणखी काय लिहिलंय? काही नव्हतं. वडील तरी काय लिहिणार? पोरगं वाचणार हे त्यांना ठाऊक होतं.

उत्तर लिहायलाही आम्हीच. आई सांगायची, आम्ही लिहायचो. कधी कधी ती एखादे वाक्य सुरू करायची, मधेच थांबायची आणि म्हणायची, जाऊ दे, ते नको लिहू. आम्ही पोरपणी खूश व्हायचो की चला, एक ओळ कमी झाली. १९८२ च्या संपात मनिऑर्डर बंद पडली, परंतु पत्र येत राहिले. आईने कानातल्या कुड्या विकल्या. तेही पत्रात लिहू नको म्हणाली. पुढे आम्ही मुंबईला आलो, गिरणीत लागलो, युनियनचे, चळवळीचे काम केले, बाबासाहेबांची पुस्तके वाचली, भाषणे ठोकली. मुली शिकल्या पाहिजेत म्हणून घसा कोरडा केला. परंतु आपल्या आईला बसवून चार अक्षरे शिकवावीत, हे आम्हाला कधी सुचले नाही. आई गेली. ज्या ओळी तिने लिहू नको म्हणून सांगितल्या त्या कुठल्या होत्या, ते आता कोण सांगणार?

म्हणून १९२१ च्या त्या पत्रातली अभ्यासाची ओळ वाचली की आम्ही तिथेच अडकतो. पत्र दुसऱ्याने वाचून दाखवले की ते नवराबायकोचे राहत नाही, ते गावाचे होते. बाईला आपले पत्र आपण वाचता आले, आपल्या हाताने दोन ओळी लिहिता आल्या, तरच तिचे मन तिचे राहते. शिक्षण म्हटले की आपल्याला नोकरी आठवते, पगार आठवतो. ते खरेच आहे. परंतु ज्याला अक्षर येत नाही त्याचे सुखदुःखसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून बोलते, ही गुलामी आपल्याला दिसत नाही. बाबासाहेबांना ती दिसली होती.

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले. त्याच वर्षी डी.एस्सी.ही मिळाली. आता वाट बघणे संपले असे वाटले. परंतु रमाईच्या वाट्याला सुख सलग कधी आलेच नाही. पाच मुलांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. १९२६ च्या जुलैमध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब घरीच होते. या वेळी ती बातमी समुद्रापलीकडे कळवायची नव्हती, दोघांनी एकत्रच भोगायची होती. त्यानंतर बाबासाहेबांनी दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बापाचा जो आक्रोश आहे तो दगडालाही पाझर फोडील असा आहे. चार मुले पुरून आल्यावर संसाराची चवच गेली, असा त्याचा आशय आहे. रमाईने तेच दुःख कोणाला लिहिले? तिचे असे पत्र आपल्यापुढे नाही. तिने ते अंगावर काढले आणि त्याने तिचे अंग खंगत गेले.

पुढे चवदार तळे आले, काळाराम मंदिर आले, आणि मग गोलमेज परिषदा. ऑक्टोबर १९३० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत बसले ते फेब्रुवारी १९३१ मध्ये परतले. ऑगस्ट १९३१ मध्ये पुन्हा निघाले ते जानेवारी १९३२ मध्ये आले. नोव्हेंबर १९३२ मध्ये तिसऱ्यांदा गेले ते जानेवारी १९३३ मध्ये परतले. आता काळ बदलला होता. १९२९ पासून लंडनहून कराचीपर्यंत विमानाने टपाल येऊ लागले होते आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये टाटांच्या विमानाने ते कराचीहून मुंबईला आणायला सुरुवात झाली. जग जवळ आले होते. परंतु रमाईच्या नवऱ्याचे शत्रू वाढले होते. दुसऱ्या परिषदेत गांधीजींशी उघड सामना झाला, देशभर वर्तमानपत्रांतून बाबासाहेबांवर आग ओकली जात होती. पूर्वी समुद्राची भीती होती, आता माणसांची भीती. अशा वेळी तिकडच्या खुशालीच्या दोन ओळींची किंमत काय असते, ते ज्याच्या घरचे माणूस चळवळीत आहे त्यालाच कळेल.

हिशेब केला तर दिसते की सुमारे २९ वर्षांच्या संसारात ८ वर्षांहून अधिक काळ बाबासाहेब परदेशात होते. उरलेल्या वर्षांतही ते घरी असून पुस्तकांत आणि लोकांत होते. म्हणजे रमाईचा अर्धा संसार टपालावर झाला म्हटले तरी चालेल.

१९३४ च्या सुमारास चाळ सोडून आंबेडकर कुटुंब दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात राहायला गेले. हक्काचे घर झाले, पण रमाईची प्रकृती सुधारली नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिने अखेरचा श्वास घेतला. वय अवघे ३७. त्यानंतर साडेचार महिन्यांनी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा ती असायला हवी होती. पंढरपूरला जाण्याची तिची इच्छा होती आणि जिथे आपल्याला दाराबाहेर उभे करतात तिथे कशाला जायचे, आपण आपले नवे पंढरपूर उभारू, अशी बाबासाहेबांनी तिची समजूत घातली होती, असे सांगतात. ते नवे पंढरपूर तिला बघायला मिळाले नाही.

परंतु टपालाची ही गोष्ट तिच्या मृत्यूबरोबर संपत नाही. डिसेंबर १९४० मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला मोठा ग्रंथ पुरा केला. राजकारणाचा, आकड्यांचा, नकाशांचा ग्रंथ. त्याची अर्पणपत्रिका उघडून बघा. तिथे कोणी राजा नाही, महाराजा नाही, पुढारी नाही. तिथे रामू आहे. तिच्या मनाचा चांगुलपणा, शीलाची शुद्धता आणि ज्या दिवसांत मित्र नव्हते आणि पैसा नव्हता त्या दिवसांत तिने शांतपणे दिलेली साथ, याची कृतज्ञता त्यांनी तिथे नोंदवली आहे. तिला जाऊन साडेपाच वर्षे झाली होती. १९२१ साली ज्या नावाने पत्र लिहिले त्याच नावाने हे शेवटचे पत्र लिहिले. फक्त या वेळी पोचवायला पत्ता नव्हता, म्हणून ते साऱ्या जगाच्या हाती दिले. आम्ही तरी त्या पानाला रमाईचे शेवटचे टपालच समजतो.

आता शेवटी दोन गोष्टी आपल्या वस्तीतल्या मायबहिणींना आणि तरुणांना सांगतो आणि थांबतो.

पहिली गोष्ट. आजकाल मोबाईलवर बाबासाहेबांनी रमाईला लिहिलेली म्हणून लांबलचक पत्रे फिरतात. आपण वाचतो, डोळे भरून येतात, पुढे पाठवतो. त्यांतली काही कवी-लेखकांनी भावनेच्या भरात रचलेली असतात. रचणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, त्यांना दोष नाही. परंतु रचलेले ते रचलेले आणि खरे ते खरे, हा फरक आपण ठेवला पाहिजे. बुद्धाने आपल्याला पारखून घ्यायला शिकवले आहे. दागिने विकून खा असे सांगणारे ते साधे पत्र गोड शब्दांच्या शंभर पत्रांपेक्षा वजनदार आहे. आपल्या घरांतल्या जुन्या ट्रंकांतही वडिलांची, आजोबांची कार्डे, मनिऑर्डरची चिटोरी असतील. ती रद्दीत देऊ नका. आपल्या माणसांचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला नाही, तो त्या चिटोऱ्यांवरच आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या विहारात रविवारी वंदनेला ज्या वयस्क बाया येतात त्यांतल्या काहींना अजून वंदनेचे पुस्तक वाचता येत नाही, त्या ऐकून म्हणतात. वंदना झाल्यावर अर्धा तास त्यांच्यासाठी ठेवा. पाटी, खडू आम्ही आणू. शिकवायला आम्ही बसू. रमाईच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. मूल आजारी असताना, घरात दाणा नसताना तिने जो अभ्यास चालू ठेवला तो पुढे नेणे, हे तिचे खरे स्मरण होईल. आमच्या आईचे राहून गेले. तुमच्या आईचे राहू देऊ नका.

माता रमाईच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!